केसाला लागलेला पहिला धक्का

‘मी आहे तोवर तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही,’ असे आपण एखाद्याला वचन देतो. माणसाच्या अंगावरची सर्वांत हलकी वस्तू म्हणजे केस. केससुद्धा जेथे सुखरूप, तेथे माणूस सुखरूप असणारच, असा त्या बोलण्याचा अर्थ. आज मी तुम्हांला जी हकीकत सांगणार आहे, ती याच्या अगदी उलट आहे. तीत माणूस वाचावा म्हणून केसाला धक्का लागू द्यावा लागतो.

मेंदूत गाठ झालेल्या रोग्याला पुष्कळदा किरणोपचार देतात. पहिले दोन आठवडे काहीच दिसत नाही. रोगी टेबलावर निजतो, यंत्र घुमते, थोड्या मिनिटांत तो उठून बाहेर येतो. ना चटका, ना वेदना. मग तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सकाळी उशीवर केस दिसतात. कंगवा फिरवावा तर पुंजकाच हाती येतो. घरची माणसे घाबरी होतात. ‘यंत्रानं डोकं जाळलं,’ असे कुणी म्हणते. बाईमाणूस असेल तर विचारूच नका. ज्या समाजाने विधवेचे केस सक्तीने उतरवले आणि मग तिचे तोंड पाहणे अशुभ मानले, त्या समाजात बाईच्या उघड्या डोक्याकडे पाहणाऱ्या नजरेत आजही जुने विष थोडे उरलेले असते. ‘हा उपचारच नको, घरी चला,’ असा विचार मनात येतो तो अशाच वेळी.

म्हणून या गळणाऱ्या केसांचा इतिहास माहीत असावा. तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि क्ष-किरण माणसाच्या देहावर काही परिणाम करतात हे जगाला पहिल्यांदा कळले तेही या केसांवरूनच.

जर्मनीतील वुर्झबर्ग या गावी प्राध्यापक राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी संध्याकाळी हे अदृश्य किरण सापडले. पुढच्या महिन्यात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी त्यात स्पष्ट दिसली. वर्षाच्या अखेरीस शोध प्रसिद्ध झाला, आणि दोन महिन्यांच्या आत युरोप-अमेरिकेतील कितीतरी प्रयोगशाळांत ती काचेची नळी लखलखू लागली. जो तो आपल्या हाताची हाडे पाहू लागला. हे किरण प्रकाशासारखेच निरुपद्रवी असणार, अशी सर्वांची समजूत होती.

अमेरिकेत नॅशव्हिल येथे व्हँडरबिल्ट विद्यापीठ आहे. तेथे जॉन डॅनिएल नावाचे पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. १८९६ सालच्या आरंभी त्यांच्याकडे एक अवघड काम आले. एका मुलाच्या डोक्यात बंदुकीची गोळी घुसली होती आणि ती नेमकी कोठे आहे ते पाहायचे होते. कवटीतून चित्र निघते की नाही, हे तोवर माहीत नव्हते. मुलावर प्रयोग करण्याआधी तो मोठ्या माणसावर करून पाहावा असे ठरले. तेव्हा त्याच विद्यापीठातील डॉक्टर विल्यम डडली यांनी आपले स्वतःचे डोके पुढे केले. नळी डोक्यापासून अवघ्या अर्ध्या इंचावर ठेवली आणि तासभर किरण सोडले. डडलींना त्या वेळी काही झाले नाही. परंतु एकविसाव्या दिवशी, नळी जेथे धरली होती तेवढ्याच जागेवरचे केस गळून पडले. दोन इंच व्यासाचे, वाटोळे टक्कल पडले.

डॅनिएल यांनी हा प्रकार लपवला नाही. ‘सायन्स’ नावाच्या नियतकालिकात एप्रिल १८९६ मध्ये त्यांनी तो छापला. शोध प्रसिद्ध होऊन चार महिनेही झाले नव्हते. हे किरण देहातून नुसते आरपार जात नाहीत, जाता जाता आत काहीतरी करून जातात, ही ताकीद एका शिक्षकाच्या डोक्यावरील त्या चकतीने दिली.

आता प्रश्न असा की, हे केसच का गळतात? आणि लगेच न गळता तीन आठवड्यांनी का?

शेतकऱ्याला हे समजायला जड नाही. भुईमुगाच्या रोपाचे मूळ हुमणीने कुरतडले, तरी रोप दोन-चार दिवस हिरवेच दिसते. मग ते मान टाकते. केसाचेही तसेच आहे. जो केस आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो. जिवंत असते ते त्याचे मूळ, कातडीच्या आत काही मिलिमीटर खोल. तेथील पेशी अतिशय वेगाने दुभंगून नव्या पेशी तयार करतात, म्हणून केस वाढतो. डोक्यावरील शंभर केसांपैकी पंचाऐंशी-नव्वद केस कोणत्याही वेळी असे वाढीला लागलेले असतात. किरणांचा मार सर्वांत जास्त बसतो तो दुभंगणाऱ्या पेशींवर. मुळाचे काम थांबते, केस तेथे बारीक होतो, आणि आधीचा दांडा सुटून बाहेर यायला दोन-तीन आठवडे लागतात. भुवया आणि पापण्या सावकाश वाढतात, म्हणून त्या डोक्याच्या केसांइतक्या लवकर जात नाहीत.

याच गुणामुळे किरण गाठीवर चालतात. गाठीतील पेशीही दुभंगत सुटलेल्या असतात. म्हणजे केसांची जी खोड, तीच गाठीची. तथापि येथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. केस गळले म्हणजे औषध लागू पडले, आणि नाही गळले तर उपचार फुकट गेला, असे मुळीच नाही. केस एवढेच सांगतात की, त्या जागच्या कातडीला किरणांचा अमुक इतका भाग पोचला.

पुढे काय झाले पाहा. क्ष-किरणांनी केस जातात ही बातमी व्हिएन्नातील लिओपोल्ड फ्रॉइंड या तरुण डॉक्टरच्या वाचनात आली. त्याने उलटा विचार केला. केस घालवणे हेच औषध ठरेल असाही एखादा रोगी असू शकेल! असा रोगी त्याला मिळाला. पाच वर्षांची एक मुलगी होती, आणि तिच्या पाठीवर जन्मापासून मोठा केसाळ डाग होता. नोव्हेंबर १८९६ मध्ये त्याने तिच्या पाठीवर रोज दोन-दोन तास किरण सोडायला आरंभ केला. बाराव्या दिवशी केस गळू लागले. किरणांनी रोग बरा करण्याच्या शास्त्राचा आरंभ पुष्कळ जण येथूनच मोजतात. परंतु किती किरण द्यावे याचे माप तेव्हा कोणापाशीच नव्हते. त्या मुलीच्या पाठीवर पुढे जखम झाली आणि ती भरून यायला फार काळ गेला. ती बाई वृद्ध होईपर्यंत जगली; पाठीवरचे व्रण मात्र जन्मभर राहिले.

माप नसलेल्या औषधाने इतरांचेही बळी घेतले. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात क्लॅरेन्स डॅली नावाचा मदतनीस रोज या नळ्यांपुढे हात धरून त्या तपासत असे. हात सडले, ते कापावे लागले, आणि १९०४ साली तो कर्करोगाने वारला. त्याची दशा पाहून एडिसनने क्ष-किरणांचे काम सोडून दिले. जर्मनीत हँबर्ग येथे १९३६ साली अशा बळींचे एक स्मारक उभारण्यात आले. किरणांशी काम करता करता मेलेल्या अनेक देशांतील डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि परिचारिका यांची नावे त्यावर कोरलेली आहेत.

१९०४ सालीच पॅरिसमध्ये साबूरो या त्वचारोगतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह किरणांना माप लावण्याची एक साधी युक्ती बसवली. एका रसायनाची छोटी वडी नळीजवळ ठेवायची. किरण पडतील तसा तिचा रंग बदलतो. ठराविक रंग आला की नळी बंद करायची. एवढा किरण पडला तर केस गळतात आणि नंतर पुन्हा येतात; त्याहून जास्त पडला तर कातडी जळते. मापाची ही गोष्ट पुढील सर्व किरणोपचाराच्या पायाचा एक दगड आहे, आणि ते माप केसांवर बसवलेले होते.

साबूरोला हे माप कशाला हवे होते? शाळकरी मुलांच्या डोक्यातील गजकर्णासाठी. गुरुजींना हा रोग ठाऊक असेल. तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. त्याची बुरशी केसांतच घर करते, म्हणून नुसत्या मलमाने तो हटत नाही. त्या काळी एकेक केस चिमट्याने उपटत बसावे लागे, आणि मूल कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षे, शाळेबाहेर राही. किरणांनी सगळे केस एकदम गळून पडत, बुरशी त्यांच्याबरोबर जाई, आणि काही महिन्यांनी स्वच्छ केस उगवत. मुले शाळेत परतली. आईबापांनी दुवा दिला. पन्नास वर्षांहून अधिक काळ जगातील अनेक देशांत हा उपचार चालू होता. १९५८ च्या सुमारास ग्रिझिओफुल्विन हे पोटातून घ्यायचे औषध निघाले, तेव्हा कोठे तो मागे पडला.

आणि मग त्याचा हिशेब पुढे आला. इस्राएलमध्ये १९४८ ते १९६० या काळात, मुख्यतः उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्या हजारो मुलांना गजकर्णासाठी डोक्यावर किरण दिले होते. बारूख मोदान या वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांतील सुमारे ११ हजार जणांची नोंद धुंडाळली. ज्यांना किरण मिळाले नव्हते अशा त्यांच्या भावंडांशी आणि इतर तितक्याच माणसांशी ती ताडून पाहिली. १९७४ साली त्यांनी निष्कर्ष छापला, आणि १९८८ साली आणखी विस्ताराने आकडे प्रसिद्ध झाले. किरण मिळालेल्यांत मेंदूच्या आवरणाच्या गाठी नऊ-दहा पटींनी जास्त आढळल्या. १९९४ साली त्या देशाने अशा लोकांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा केला.

श्रोतेहो, येथे थोडे थांबू या. तुम्ही म्हणाल, ‘हे तर भलतंच झालं. ज्या किरणांनी गाठ होते, त्यांनीच गाठीवर उपचार करायचा?’ प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तरही सरळ आहे. गजकर्ण झालेले मूल मरणार नव्हते. त्याला किरण देताना पारड्यात एका बाजूला होती शाळेतील थोड्या महिन्यांची गैरहजेरी, आणि दुसऱ्या बाजूला पुढील आयुष्यातील धोका. तो धोका त्या काळी कोणाला दिसला नाही. मेंदूत वाढती गाठ असलेल्या माणसाच्या पारड्यात एका बाजूला त्याचा जीवच असतो. किरणांनी पुढे कित्येक वर्षांनी दुसरी गाठ होण्याचा धोका आजही थोडा असतो, आणि मुलांच्या बाबतीत तर डॉक्टर तो फार काळजीने तोलतात. परंतु ती पुढची वर्षे आधी मिळायला हवीत ना?

ती मिळतात याचा पुरावा आहे. मुलांच्या मेंदूच्या मागील भागात मेड्युलोब्लास्टोमा नावाची एक घातक गाठ होते. शस्त्रक्रिया करूनही ती परत येई आणि मूल जाई. इंग्लंडात मँचेस्टर येथे पॅटरसन आणि फार यांनी अशा मुलांना डोके आणि सबंध पाठीचा कणा येथे किरण दिले. १९५३ साली त्यांनी कळवले की, तीन वर्षांनंतरही त्यांतील निम्म्याहून अधिक मुले जिवंत आहेत. मोठ्या माणसांच्या सर्वांत वाईट जातीच्या गाठींवर अमेरिकेत एक चाचणी झाली, आणि तिचे निकाल १९७८ साली छापले गेले. शस्त्रक्रियेनंतर नुसती शुश्रूषा मिळालेल्यांपैकी निम्मे रोगी १४ आठवड्यांत दगावले. किरण मिळालेल्यांत हीच मुदत सुमारे ३५ आठवड्यांवर गेली. आकडा लहान वाटेल. पण ज्याच्या घरात तो माणूस आहे, त्याला ते वीस-एकवीस आठवडे विचारून पाहा. ज्या गाठी याहून सौम्य असतात, त्यांत तर हा लाभ पुष्कळदा वर्षांत मोजावा लागतो.

आता केस वाचवण्यासाठी काय काय झाले तेही सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे हप्ते. सगळे पाणी एकदम सोडले तर वाफा वाहून जातो. पाळीपाळीने दिले तर रोप तग धरते. त्याचप्रमाणे किरणांची मात्रा रोज थोडी थोडी द्यावी म्हणजे निरोगी पेशींना मधल्या वेळात सावरता येते, हे पॅरिसमधील रेगो आणि कुतार यांच्या कामातून १९२० ते १९३५ च्या दरम्यान पक्के झाले. आज मेंदूच्या पुष्कळशा गाठींना आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे, थोडी थोडी मात्रा देतात ती याचसाठी.

दुसरी गोष्ट यंत्रांची. जुन्या यंत्रांचे किरण दुबळे होते. त्यांचा सर्वांत मोठा मार कातडीवरच बसे आणि आत गाठीपर्यंत थोडेच पोचत. १९५१ साली कॅनडात कोबाल्टचे यंत्र सुरू झाले. त्याच्या किरणांचा जोर कातडीखाली अर्धा सेंटिमीटर गेल्यावर पुरा होतो. १९५३ साली लंडनमध्ये त्याहून जोरकस, विजेवर चालणारे यंत्र रोग्यांसाठी वापरात आले. तेथे हे अंतर आणखी वाढले. १९६८ साली स्वीडनमध्ये लेक्सेल यांनी असे यंत्र उभे केले की, अनेक बाजूंनी आलेले बारीक किरण एका बिंदूवर एकवटतात. त्यामुळे लहान गाठींना उपचार देताना बहुधा केस जातच नाहीत. अलीकडे संगणकाच्या साह्याने किरणांना गाठीच्या आकाराप्रमाणे वळण देतात.

आपल्याकडे मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ नावाचे कोबाल्टचे यंत्र देशातच तयार केले. आज बार्शीसारख्या तालुक्याच्या गावीही कर्करोगाचे रुग्णालय आहे. मुंबईची वाट धरल्यावाचून इलाज नाही, अशी स्थिती आता राहिली नाही.

एवढे सारे होऊनही केस पुष्कळांचे जातात, कारण मेंदूपर्यंत पोचायला किरणांना डोक्याच्या कातडीतूनच वाट काढावी लागते. ते जेथून आत शिरतात आणि जेथून बाहेर पडतात, तेवढ्याच जागचे केस जातात. उपचार संपल्यावर साधारण दोन ते सहा महिन्यांत ते पुन्हा येऊ लागतात. कधी विरळ, कधी कुरळे, कधी निराळ्या रंगाचे. ज्या जागी मात्रा फार जास्त झाली असेल तेथे ते कायमचे विरळ राहतात, कधी येतही नाहीत. हे आधीच विचारून घ्यावे. ‘डॉक्टरसाहेब, माझे कोणत्या बाजूचे केस जातील? परत येतील का?’ असे विचारण्यात लाज नाही. यंत्राचा आराखडा त्यांच्यापुढे असतो. ते पुष्कळ सांगू शकतात.

केस गळू नयेत म्हणून कोणी तेल, लेप, जडीबुटी देईल. कृपा करून डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या कातडीला काही लावू नका. ती आधीच नाजूक झालेली असते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती टोपी किंवा सैल पदर, आणि उन्हापासून आडोसा एवढे पुरे. वस्तऱ्याने गोटा करू नये, कातडी कापली तर जखम चिघळते. हवे तर आधीच केस कात्रीने बारीक करून घ्यावेत. अशा रोग्याजवळ बसल्याने कोणालाही किरण लागत नाहीत. यंत्र बंद झाले की त्याच्या अंगात काही उरत नाही. तेव्हा नातवाला आजीच्या मांडीवर खुशाल बसू द्यावे.

शेवटची गोष्ट गुरुजींसाठी आणि बाईंसाठी. तुमच्या वर्गात कधी असे एखादे मूल परत येईल. ते टोपी घालून येईल आणि शेवटच्या बाकावर बसू पाहील. वर्गात टोपी काढायचा नियम असेल, तर त्याच्यापुरता तो बाजूला ठेवा. ते येण्याच्या आदल्या दिवशी इतर मुलांना सांगून ठेवा की, याला मोठं दुखणं झालं होतं, त्यावरच्या औषधानं केस गेले आहेत, हे कोणाला लागत नाही, आणि ते बहुधा परत येतील. मुले समजूतदार असतात. मोठ्यांनी नीट सांगितले तर चिडवत नाहीत. हवे तर त्यांना नॅशव्हिलच्या डडली मास्तरांची गोष्ट सांगा. एका मुलाच्या डोक्यातील गोळी शोधता यावी म्हणून त्यांनी आपले डोके पुढे केले होते, आणि त्यांच्या डोक्यावर पडलेले टक्कल लाजेचे नव्हते.

मग त्या मुलाला पहिल्या बाकावर बसवा आणि नेहमीसारखी हजेरी घ्या.